मदत हवी आहे: हिटलरच्या मुख्यालयाचं दक्षिण फाटक, २० जुलै १९४४

मंडळी, एकांकिका लिहितोय आणि एका जागी अडलोय. जाणकारांनी हात द्यावा.

जर्मन लष्करातल्या कर्नल श्टाउफेनबर्गने हिटलरच्या बैठकीत बॅगेतून बॉम्ब नेऊन ठेवला, १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला, चौघे दगावले, हिटलर वाचला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. माझं नाटक त्यानंतरच्या काही मिनिटांचं आहे. पूर्व प्रशियात रास्टेनबुर्गजवळ, जंगलात, एकात एक कुंपणं घातलेलं ते मुख्यालय. श्टाउफेनबर्गची गाडी आतल्या फाटकातून निसटते, पण बाहेरच्या दक्षिण फाटकावर कोल्बे नावाचा सार्जंट वाट सोडत नाही. कोणालाही जाऊ द्यायचं नाही, असा हुकूम आहे. समोर कोण, तर एक डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं युद्धात गमावलेला कर्नल! तो चौकीतून मोलेनडोर्फ या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावतो. होकार येतो, वाट मोकळी होते. पुढे रस्त्यात त्याचा साथीदार हेफ्टेन उरलेलं स्फोटक झाडीत भिरकावतो.

मला खरं नाट्य कोल्बेत दिसतं. तो हुकमाला चिकटून राहिला, आणि एका फोनने त्याची अडवणूक संपली.

आता अडचण. पहारे तीन प्रकारचे होते. राटेनहुबर या अधिकाऱ्याच्या हाताखालची आरएसडी, म्हणजे हिटलर आणि बड्या नेत्यांच्या संरक्षणाची पोलिसी यंत्रणा, जिच्यात मूळचे बव्हेरियाचे पोलीस बरेच. दुसरं एसएसचं (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचं) अंगरक्षक पथक, ज्यातली माणसं फोन सांभाळण्यापासून हिटलरची बारीकसारीक कामंही करत. आणि लष्कराची बटालियन, कोल्बे तिच्यातला. एवढे पहारे असूनही बॅग कोणी उघडली नाही. अधिकाऱ्याचा पास पाहायचे, सामान नाही. बॅगा तपासायला लागले ते स्फोटानंतर. १९३९ साली म्युनिकच्या सभागृहात एल्झर नावाच्या सुताराने हिटलरला मारायला खांबात बॉम्ब बसवला, तेव्हाही तिथला बंदोबस्त आरएसडीकडे नव्हता, नाझी पक्षाच्या स्थानिक माणसांकडे होता. हिटलर स्फोटाच्या १३ मिनिटं आधी निघून गेला, ८ जण मेले. जबाबदारी वाटली गेली की फट राहते, हे मला रंगमंचावर दाखवायचंय.

म्हणून विचारतो: फाटकावर आरएसडीचा माणूस येऊन ठेपला असता तर कोल्बेने त्याचं ऐकायचं की आपल्या बटालियनच्या अधिकाऱ्याचं? चौकीतला फोन वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल इतका जवळ होता का? दृश्याची सगळी मांडणी यावर ठरते. कोल्बेचा चौकशीतला जबाब कुठे छापला गेलाय का?

मुख्यालयाची ती जागा आता पोलंडमध्ये केंट्शिनजवळ (म्हणजे तेव्हाचं रास्टेनबुर्ग) आहे, पाहायला खुली आहे. जर्मनी-पोलंडकडच्या मराठी मंडळींपैकी कोणी जाऊन आलं असेल, तर दक्षिण फाटकाच्या बाजूचे फोटो किंवा हाताने काढलेला नकाशा पाठवाल का? जर्मन वाचणारं कोणी भेटलं तर दोन-तीन पानं समजून घ्यायला बसेन.