स्लोव्हेनियन लोक अर्जेंटिनात कसे पोचले? 1945 ला नक्की काय झालं?

भटक्या_पुणेकर:
मंडळी, मी सध्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात आहे, कंपनीच्या प्रोजेक्टवर. टीममध्ये एकजण ब्युनॉस आयर्सचा आहे, आईवडीलही तिकडेच जन्मलेले, पण स्लोव्हेनियन अगदी अस्खलित. परवा जेवताना कुणीतरी सहज विचारलं की तुमचे लोक तिकडे कधी गेले, तो म्हणाला आजोबा 1945 ला इथून निघाले, झालं, सगळे एकदम ताटात बघायला लागले. नंतर एकीने मला हळूच सांगितलं की माझ्या आजीलाही घरातून हाकललं होतं पण ते प्रकरण वेगळं. वेगळं म्हणजे? हाकललं ते जर्मनांनीच ना? आणि युद्ध संपल्यावर कोण पळून जातं? नेटवर वाचायला गेलो तर डोकं गरगरलं. कोणी नीट समजावेल का?

जुनी_पानं:
तुझ्या मैत्रिणीची आजी बहुतेक 1941-42 ची. एप्रिल 1941 मध्ये युगोस्लाव्हिया पडला आणि त्यातल्या स्लोव्हेनियाचे तीन तुकडे झाले, उत्तरेचा भाग जर्मनीला, ल्युब्लियाना आणि दक्षिण इटलीला, पूर्वेचा कोपरा हंगेरीला. जर्मनांना आपला तुकडा पूर्ण जर्मन करायचा होता, दोन लाखांच्या वर माणसं उचलायचा प्लॅन होता, प्रत्यक्षात साधारण 80,000 उचलली. आधी शिक्षक, पाद्री, वकील अशी शिकलेली माणसं, म्हणजे गाव बिनडोक्याचं करून टाकायचं. त्यांना सर्बिया आणि क्रोएशियात नेऊन सोडलं.

मग सावा आणि सोत्ला नद्यांच्या काठची गावंच्या गावं रिकामी केली, 35,000 च्या वर माणसं, कारण इटलीच्या वाट्याला आलेल्या कोचेव्ये भागात सहाशे वर्षं राहिलेले जर्मन शेतकरी होते, हिटलर-मुसोलिनीचा करार झाला आणि त्यांना तिथून उठवून या घरांत बसवायचं ठरलं. घरमालक गेला जर्मनीत, कॅम्पात राहायचं आणि कारखान्यात नाहीतर कुणाच्या तरी शेतावर राबायचं. 1945 ला परत आले तेव्हा घरं लुटलेली नाहीतर पडलेली. या सगळ्यांना तिथे 'इझ्गनान्त्सी' म्हणतात, आणि पहिली गाडी 7 जून 1941 ला सुटली म्हणून 7 जून हा त्यांचा दिवस पाळतात.

इटालियन लोक काही कमी नव्हते हां. फेब्रुवारी 1942 मध्ये अख्ख्या ल्युब्लियाना शहराभोवती काटेरी तार टाकली, आणि शहरातून खेड्यातून माणसं उचलून राब बेटावर आणि गोनार्सला कॅम्पात नेली, तिथे उपासमारीने पोरंबाळं गेली. तू जॉगिंगला जात असशील तर ती झाडांची खडीवाली गोल वाट आहे ना, ती त्याच तारेच्या जागेवर आहे, मधेमधे अष्टकोनी दगड दिसतील बघ.

रंकाळा_कट्टा:
आमच्याकडं कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोक ठेवलेले ना युद्धात, पाच हजारांच्या आसपास, तसंच काय हे?

जुनी_पानं:
@रंकाळा_कट्टा नाही, मोठा फरक आहे. वळिवड्याच्या लोकांच्या मागे लंडनमधलं त्यांचं सरकार होतं, ते दोस्तांच्या बाजूचे मानले गेले. 1945 ला पळालेल्या स्लोव्हेन लोकांना तेव्हा कोणीच आपलं म्हणत नव्हतं.

लिमये_काका:
आता 1945 कडे येऊ. जर्मन-इटालियन ताब्यात असतानाच तिथे आपापसातही युद्ध पेटलं होतं. एका बाजूला कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचे पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये, दुसऱ्या बाजूला कॅथलिक मंडळी, ज्यांनी आधी गावरक्षक दलं काढली आणि 1943 ला इटली पडल्यावर जर्मनांच्या हाताखाली 'दोमोब्रान्त्सी' नावाची सेना उभारली. मे 1945 मध्ये पार्टिझान जिंकले तेव्हा ही सेना आणि त्यांच्याबरोबर बायका, पोरं, म्हातारे, शेतकरी, पाद्री असे हजारो लोक बैलगाड्या घेऊन ल्युबेल्य खिंडीतून ऑस्ट्रियात उतरले. क्लागेनफुर्टजवळ व्हिक्ट्रिंगच्या माळावर, स्लोव्हेन लोक त्याला व्हेत्रिन्य म्हणतात, ब्रिटिशांच्या ताब्यात उघड्यावर तळ पडला.

मेच्या शेवटी ब्रिटिशांनी सैनिकांना सांगितलं तुम्हाला इटलीला नेतोय, ट्रकात घातलं, आणि स्टेशनावर नेऊन पार्टिझानांचा नेता टिटो याच्या लोकांच्या हवाली केलं. त्यातल्या बहुतेकांना कोचेव्स्की रोगच्या जंगलात आणि तेहार्येला कुठलाही खटला न चालवता मारून खड्ड्यात टाकलं. हजारो माणसं. पुढचा नंबर नागरिकांचा होता, सुमारे 6,000 जण. तळावरचा कॅनेडियन अधिकारी मेजर पॉल बार याच्याकडे डॉ. व्हॅलेंटिन मेर्शोल नावाचे डॉक्टर गेले, दोघं मिळून वरच्या ऑफिसात भांडले आणि हुकूम फिरला. तुझ्या मित्राचे आजोबा नागरिकांत असतील तर त्या दोघांमुळे वाचले म्हणायचं.

स्पष्टवक्ता_77:
काका थोडं गोड करून सांगताय. दोमोब्रान्त्सींनी 20 एप्रिल 1944 ला, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी, ल्युब्लियानाच्या स्टेडियममध्ये शपथ घेतली होती. नाझींच्या बाजूने लढले ते, सगळे बिचारे निर्वासित नव्हते.

लिमये_काका:
शपथ घेतली हे खरंच आहे, मी कुठे नाही म्हणतोय. पण पार्टिझानांनी घरातलं माणूस मारलं म्हणून त्या बाजूला गेलेलीही कितीतरी घरं होती, आणि शपथ घेतलेल्याची सहा वर्षांची पोरगी गाडीत बसून खिंड ओलांडत असेल तर तिने काय केलं होतं? पकडलेल्याला कोर्टात उभं न करता खड्ड्यात टाकणं हा वेगळाच गुन्हा आहे. इथल्या लोकांची गोची तीच. 45 वर्षं यावर बोलायची बंदी होती, 8 जुलै 1990 ला कोचेव्स्की रोगमध्ये तेव्हाचे स्लोव्हेनियाचे प्रमुख मिलान कुचान आणि आर्चबिशप शुश्तार एकत्र उभे राहिले तो पहिला मोठा जाहीर कार्यक्रम. अजूनही मिटलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प झाले कारण त्या टेबलावर दोन्हीकडची नातवंडं बसलेली असणार.

पंपास_वाली:
मी ब्युनॉस आयर्सला काही वर्षं होते म्हणून तिकडचं सांगते. वाचलेले लोक ऑस्ट्रियात लिएन्झ, श्पिटाल अशा ठिकाणी बराकीत राहिले, आणि या लोकांचं मला कौतुक वाटतं ते इथेच, खायची मारामार असताना त्यांनी कॅम्पात शाळा सुरू केली, अगदी मॅट्रिकपर्यंत! त्या हायस्कूलचे हेडमास्तर मार्को बायुक. मग जायचं कुठे, तर बाकीच्या देशांना धट्टेकट्टे मजूर हवे होते, म्हातारेकोतारे आणि पोरांचं लेंढार नको होतं. अर्जेंटिनात आधीपासून असलेला एक स्लोव्हेन पाद्री यानेझ ह्लादनिक याने तिथले अध्यक्ष पेरॉन यांच्यापर्यंत जाऊन परवानगी काढली आणि 1947 नंतर सहाएक हजार लोक कुटुंबंच्या कुटुंबं अर्जेंटिनाला गेले. काही अमेरिकेत क्लीव्हलँडला गेले, तिथे तर आधीपासून स्लोव्हेन लोकांची मोठी वस्ती होती.

सान हुस्तो, लानुस, सान मार्तिन अशा शहराबाहेरच्या स्वस्त प्लॉटवर घरं बांधली, शनिवार-रविवारी एकमेकांच्या घराच्या विटा लावायच्या. प्रत्येक वस्तीत एक 'दोम', म्हणजे आपलं महाराष्ट्र मंडळ समजा, पण स्वतःच्या मालकीची बिल्डिंग, स्टेज, शाळेचे वर्ग सगळं असलेली. शनिवारी पोरांची स्लोव्हेन शाळा, आठवडाभर स्पॅनिश शाळा करून वर ही, पोरं वैतागायची पण जायची. रविवारी चर्चमधल्या मासनंतर अंगणात असादोचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा धूर आणि आत टेबलावर आक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली पोतित्सा. मला एका आजींनी दोन्ही एकाच ताटात वाढलं आणि वर दम दिला की पोतित्सा दुकानातली नाही. दर जूनमध्ये मारलेल्यांची आठवण काढतात, नावं वाचतात.

गंमत म्हणजे तिथे त्याआधीचेही स्लोव्हेन होते, मुसोलिनीच्या काळात इटलीच्या ताब्यातल्या ट्रिएस्टच्या बाजूने पळून आलेले, ते बहुतेक डाव्या विचारांचे. एकाच शहरात दोन स्लोव्हेन समाज आणि कित्येक वर्षं एकमेकांकडे जाणंयेणं नाही. हेडमास्तर बायुकांचा नातू आंद्रेय बायुक मेंडोझाला वाढला आणि 2000 मध्ये स्लोव्हेनियाचा पंतप्रधान झाला, थोडेच महिने टिकलं म्हणा. मादागास्करमधले पाद्री पेद्रो ओपेका माहीत असतील, कचरा डेपोवर राहणाऱ्यांसाठी वस्ती उभारली ते, तेही सान मार्तिनच्या अशाच घरातले.

भटक्या_पुणेकर:
बापरे, हे एवढं असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. मित्राला थेट विचारू का नको?

पंपास_वाली:
विचार की, पण ऑफिसात सगळ्यांसमोर नको. आणि राजकारणावरून सुरू करू नकोस, शनिवारच्या शाळेपासून सुरू कर, त्यावर प्रत्येकाकडे तक्रारी असतात.

जुनी_पानं:
आणि मैत्रिणीच्या आजीची बाजू बघायची असेल तर एक दिवस काढून ब्रेस्तानित्साला जा, ल्युब्लियानाहून झिदानी मोस्तमार्गे ट्रेन आहे. वर राय्हेनबुर्ग किल्ला आहे, हाकललेल्या लोकांना जर्मन आधी तिथे गोळा करायचे, सुमारे 45,000 माणसं त्या एका जागेतून गेली, आता आत प्रदर्शन आहे. आधी तिथे ट्रॅपिस्ट साधूंचा मठ होता, चॉकलेट बनवायचे, त्यांनाही जर्मनांनी 1941 मध्ये हाकललं.

स्पष्टवक्ता_77:
हे चॉकलेटचं माहीत नव्हतं. काका, तुमच्या उत्तरावर अजून बोलायचंय पण त्याला वेगळा धागा काढतो, याचं जेवण नको बिघडवायला.