वर्कशॉपमध्ये अजून एक्सपी आणि विंडोज ७ आहे, काय ठेवू, काय काढू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटला बाबांचा छोटा गाळा आहे. वायरकटचं (विजेच्या तारेने धातू कापायचं मशीन) जॉबवर्क करतो, मुख्यतः डाय आणि पंच. बिलं, हिशेब, जीएसटी मी बघते, त्यामुळे कॉम्प्युटरचं काही बिघडलं की हाक मलाच येते.

वायरकटच्या पीसीवर विंडोज एक्सपी आहे. मशीन चालवणारं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालत नाही. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते आता फोनही उचलत नाहीत. ऑफिसच्या पीसीवर विंडोज ७ आहे. टॅली, मेल, नेटबँकिंग, रिटर्न, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, सगळं त्याच्यावर. माझा लॅपटॉप विंडोज १० चा. तिन्ही एकाच राउटरला जोडलेले, आणि ड्रॉइंगच्या फायली ऑफिसमधून शेअर केलेल्या फोल्डरने एक्सपीवर जातात.

मागच्या महिन्यात एका पार्टीने पेनड्राइव्हवर ड्रॉइंग आणून दिलं. ऑपरेटरने तो थेट एक्सपीला लावला. संध्याकाळी बघते तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. फायली गेल्या नव्हत्या, लपवल्या गेल्या होत्या, त्या परत मिळाल्या. पण मशीन अर्धा दिवस बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच शॉर्टकट ऑफिसच्या पीसीवर दिसले तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. बँकेचं सगळं तिथेच आहे.

बाबा म्हणतात, चालत्या मशीनला हात लावायचा नाही. त्यांचं पूर्ण चुकतंय असंही मला वाटत नाही, कारण मशीन बंद पडलं तर घर थांबतं. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, चांगला अँटीव्हायरस टाका, बास. तेवढ्याने खरंच भागेल का? दोन्ही पीसी एकदम बदलायची आमची ऐपत नाही. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद

ताई, रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो, तुमच्यासारखे एक्सपी रोज बघतो. बाबांचं ऐका, एक्सपी काढू नका. पण त्याची नेटवर्कची केबल आजच काढा.

अँटीव्हायरसने भागणार नाही. तो ओळखीचा व्हायरस पकडतो, विंडोजमधलं भोक बुजवत नाही. एक्सपीला पॅच (भोक बुजवणारे अपडेट) येणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ७ ला पैसे भरून मिळणारी जादा मुदतही २०२३ मध्ये संपली. नव्या विंडोजला मात्र दर महिन्याला पॅच येतात. हल्ला करणारे तो पॅच उघडून नेमकं काय बदललं ते बघतात, आणि तोच कोड जुन्या विंडोजमध्ये असेल तर तिथलं भोक कायम उघडं राहतं.

वॉनाक्राय आठवत असेल, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. फाइल शेअरिंगमधल्या भोकाचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता, हल्ला १२ मे ला झाला. एक्सपीसाठी पॅच हल्ल्यानंतर, अपवाद म्हणून दिला, तोही हाताने उतरवून टाकावा लागत होता. तुमच्या एक्सपीवर तो कुणी टाकलाय का बघा. कारण तुमचा शेअर केलेला फोल्डर नेमका त्याच रस्त्याने चालतो. त्या हल्ल्यात बळी पडलेले बहुतेक पीसी विंडोज ७ चे होते. त्यांना तेव्हा पॅच मिळत होते, लोकांनी टाकले नव्हते. म्हणून नवीन पीसी घेतल्यावर अपडेट बंद करून ठेवू नका. बरेच जण तेच करतात.

पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. एक पीसी हाताशी आला की नेटवर्कमधून बाकीचे गाठायचे, ही त्याची रीत. तुमचे तिन्ही पीसी आत्ता तसेच बसलेत.

पैसे खर्च करायचे तर ऑफिसच्या पीसीवर करा. आणि राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी (दुसरीकडून पीसी चालवण्यासाठी) पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवलाय का ते कॉम्प्युटरवाल्याला विचारा. असला तर आधी बंद करा. विंडोज ७ च्या रिमोट डेस्कटॉपमध्ये २०१९ ला ब्लूकीप नावाचं मोठं भोक सापडलं होतं. पासवर्ड माहीत नसतानाही त्यातून आत शिरता येतं.

धागाकर्ती

खूप आभार. केबल काढली. पण मग ड्रॉइंग पेनड्राइव्हनेच द्यावं लागणार, आणि आमचा घोळ तिथूनच सुरू झाला होता. शिवाय लॅपटॉपच्या विंडोज १० चंही संपलं म्हणतात ना?

प्रतिसाद

हो, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर बघा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

ड्रॉइंगसाठी आमच्याकडे असं करतो: पार्टीचा पेनड्राइव्ह मशीनला कधीच लावायचा नाही. फाइल मेलवर मागवायची किंवा अपडेट असलेल्या लॅपटॉपवर तपासून घ्यायची. मग फक्त ड्रॉइंगची फाइल आपल्या वेगळ्या रंगाच्या पेनड्राइव्हवर टाकायची. एक्सपीला सीडी ड्राइव्ह असेल तर आणखी बरं. कोरी सीडी एकदा लिहून बंद केली की मशीनकडून तिच्यावर उलट काही येत नाही, आणि ड्रॉइंग असतं केवढं! एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीचा शेवटचा मोठा अपडेट) आहे ना ते बघा, ऑटोरनही (पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होणं) बंद करा. पण शॉर्टकटवाला व्हायरस ऑटोरनशिवायही पसरतो, कारण माणूसच त्या शॉर्टकटवर क्लिक करतो. ऑपरेटरला शेजारी बसवून हे दाखवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. एक्सपीच्या हार्डडिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, काढलाय का? ती डिस्क व्हायरसआधी वयानेच जाईल. त्याच मापाच्या दुसऱ्या डिस्कवर क्लोन करून, ती मशीनला लावून, एक तुकडा कापून बघा. चाललं तरच तो क्लोन खरा.

धागाकर्ती

क्लोन नाहीये. इन्स्टॉलेशनची सीडी कपाटात सापडली, तिच्यावर ओरखडे आहेत. रविवारी मशीन बंद असतं, तेव्हा कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंय. बाबाही थांबणार आहेत. ऑफिसचा पीसी २० तारखेचं रिटर्न भरून झालं की बदलते. तोवर नेटबँकिंग माझ्या लॅपटॉपवरून, अपडेटसाठी नाव नोंदवून झालंय.