प्रतिसाद: वीजमीटरमधल्या सिमचा नंबर 13 आकडी का?

भाऊ, वर तुम्ही म्हणता सिमचा नंबर आहे न, मग तेवढ्यावर मीटर ओळखता येतो, तर तसं नाही होत. 10 आकडी नंबर माणसांनाच पुरेनात म्हणून दूरसंचार विभागानं 2018 मध्ये मशीनच्या सिमला 13 आकडी द्यायचं ठरवलं, पण नेटवर्क आतून आयएमएसआयवर, म्हणजे सिममध्ये साठवलेल्या ओळख नंबरावर चालतं, 15 आकडी, आपल्याकडचे 404 नाहीतर 405 नं सुरू होणारे. म्हणजे ओळख सिमची झाली, डब्याची (म्हणजे मीटर, ट्रॅकर अशा यंत्राची) नाही, सिम काढून दुसऱ्यात टाकलं की झालं!

डब्यासाठी आयएमईआय, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर, त्यातले पहिले 8 आकडे मॉडेलचे. खरी गोची इथंच आहे राजेहो, पुष्कळदा ते मॉडेल आतल्या मोडेमचं (नेटवर्कला जोडणाऱ्या भागाचं) निघतं, मग कळमन्यातून संत्री घेऊन निघालेल्या ट्रकचा ट्रॅकर अन् धरमपेठेतला वीजमीटर नेटवर्कला सारखेच दिसू शकतात.

आमच्याकडं ट्रॅकर बसवताना सिमवर छापलेला 89 नं सुरू होणारा लांबलचक नंबर (सिमचा अनुक्रमांक) अन् आयएमईआय दोन्ही एकाच ओळीत गाडी नंबरासमोर लिहितो, फोटोसकट. मोबाइल कंपनीकडून सिम त्या आयएमईआयलाच लॉक करून घेता आलं तर घ्याच, चोरीचं सिम मग दुसऱ्या डब्यात चालत नाही.