बाटलीतलं उरलेलं पाणी: लहान वर्गांना पाणी, झाडं, कचरा शिकवतानाचे अनुभव लिहा

परवा माझी तिसरीतली पोरगी 'पाणी वाचवा'चं पोस्टर रंगवत बसली होती. मोठ्ठा निळा थेंब, थेंबाला डोळे, डोळ्यांना पापण्या. आणि ब्रश धुवायला बेसिनचा नळ धो धो चालू. ओरडले तर म्हणते, "मम्मी, पोस्टर उद्या द्यायचंय, पाणी नंतर वाचवू." शाळेतनं आली की बाटलीत उरलेलं पाणी पण भडाभडा ओतून देती, का तर "शिळं झालं".

त्या 'शिळं'वरनं मला 2016 आठवलं. मी तेव्हा लातूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, चौथीचा वर्ग. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत आली, म्हणजे दुष्काळात पाणी घेऊन येणारी रेल्वे, पहिल्या फेरीत दहा डबे आणि पाच लाख लिटर पाणी, तर आमचा गुणाकार त्या डब्यांवरच झाला, एका डब्यात पन्नास हजार. वर्गाच्या दारात बादली ठेवली होती, सुटीला बाटलीत उरलेलं पाणी त्यात टाकायचं आन ते मागच्या कडुलिंबाच्या रोपांना. लेकरांना हुरूप यावा म्हणून मी फळ्यावर लिहायला लागले, आज कुणी किती टाकलं. मला वाटलं लई भारी चाललंय. आठवड्यानं एक पोरगं प्रार्थनेला चक्कर येऊन पडलं. विचारलं तर शाळेत दिवसभर पाणी पीतच नव्हतं, बाटली भरलेली आणायचा आन भरलेलीच बादलीत ओतायचा, फळ्यावर पहिला नंबर होता त्याचा. उन्हाळा म्हणजे कसला, तुम्हाला माहितीच हाय. फळा पुसला त्याच दिवशी. त्याच्या आईला सांगताना माझ्या तोंडातनं शब्द फुटंना.

असो. तुमचे पण लिहा. गुर्जी, बाई, पालक, कुणीपण.

चौथीचा_मास्तर: बापरे ताई. पोरगं बरं हाय ना आता? मी पण असंच करतो स्टार बिर देतो, उद्यापासनं बंद. आमच्याकडं परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ होता तेव्हा शाळेचा नळ गळत होता, कुणी लक्ष देईना. मी पोरांना एक लिटरची बाटली लावायला सांगितली खाली आन घड्याळ बघा म्हणलं. वीस मिनिटात भरली. मग तासाला तीन, दिवसाला बहात्तर लिटर. एक पोरगी म्हणली सर म्हणजे आमच्या घरच्या पाच घागरी की ओ. घरी जाऊन सांगितलं असणार कारण दुसऱ्या दिवशी तिचा आजाच पाना घेऊन हजर, वायसर बदलून गेला. दोन वर्षं अर्ज करून जे झालं नव्हतं ते!!

उदगीरची_लेक (धागा काढणारी): हो सर, बरं हाय, आता मिसरूड फुटलंय त्याला. रस्त्यात भेटला की म्हणतो बाई पाणी पिऊ का 😀

गंगाकाठ: जलदूत बघायला आम्ही पण गेलतो स्टेशनवर. सेल्फीवाल्यांचीच गर्दी जास्त.

करडं_आणि_मी: वृक्षारोपणाचं सांगते. पन्नास रोपं आली, गुलमोहर आन कायकाय, लेकरांनी नावाच्या पाट्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सात रोपं गायब, फक्त काड्या. शोध लावला तर दुसरीतल्याच एकाची शेळी. सगळे त्याच्यावर तुटून पडले, रडायला लागलं ते. मग मी म्हणलं पंचायत भरवू. पंच बसले पाचजण पोट्टे, एकानं तर डोक्याला रुमाल बांधला. निकाल काय दिला माहितीय का, शेळीवाल्यानं सगळ्या रोपांना लेंडीखत आणायचं आन बाकीच्यांनी बाभळीच्या काट्याचं कुंपण करायचं, कारण "शेळीला काय वाचता येतंय का पाटी". त्रेचाळीस रोपांतली एकोणीस जगली. गुलमोहर एकबी नाही, लिंब आन करंज जगले. त्यानंतर मी मागणीपत्रात गुलमोहर लिहीतच नाही.

तुळजाईचा_भक्त: शेळीला काय वाचता येतंय का 😂😂 पोट्ट्याला वकील करा

शेतकरी_बाप: करंजाला शेळी तोंड लावत नाय म्हणून जगला ओ मॅडम.

करडं_आणि_मी: @शेतकरी_बाप असं व्हय! मला वाटलं आमच्या कुंपणानं.

नोकरदार_आई: आमच्या इंग्लिश मिडीयमचं ऐका. मुलाला 'झाड' बनून यायला सांगितलं. ऑनलाइन ड्रेस मागवला, पानं प्लास्टिकची, फांद्या थर्माकोलच्या, आला तो पण तीन थर प्लास्टिकात गुंडाळून. भाषण पाठ करून घेतलं, "मी झाड आहे, मला वाचवा". बक्षीस मिळालं. ड्रेस अजून माळ्यावर हाय, टाकावा तर कुठं टाकावा.

चौथीचा_मास्तर: आन ती 5 जूनची गंमत. पर्यावरण दिन 5 जूनला आन आपल्याकडं शाळा उघडती जूनच्या मध्याला. तरी फोटो पायजेत! आम्ही तिघं मास्तर आन गावातली चार पोरं गोळा करून एक रोप धरून उभं राहतो. मागच्या वर्षी तेच रोप शेजारच्या शाळेनं पण नेलं फोटोला. लई फिरलेलं रोप हाय ते

पाटीवरची_पेन्सिल: माझं वय साठीपार, नातवानं टाइप करून दिलंय. 72 च्या दुष्काळात मी तिसरीत होतो. पाटी पुसायला पाणी मिळत नसे, वर्गात एकच ओलं फडकं, ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जायचं आणि शेवटच्याला कोरडंच मिळायचं, तो थुंकी लावायचा आणि मार खायचा. पर्यावरण हा शब्द आम्हाला कुणी शिकवला नाही. माय धुण्याचं पाणी भांड्याला नाही, भांड्याचं पाणी म्हशीला, असं काहीतरी गणित लावायची, ते मात्र पाठ आहे. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे.

माजलगावची_सून: काका सुकडी म्हणजे ती गोड पावडर ना? आमची सासू अजून सांगती. कशी करायचे ते कुणाला येतंय का

पाटीवरची_पेन्सिल: करायची नाही बेटा, पोत्यातून यायची. आम्ही कोरडीच फक्की मारायचो. ठसका लागायचा.

ठिबकवाला: लेकरांना शिकवा शिकवा. बापानं मात्र ऊस लावायचा, मोकाट पाणी सोडायचं बारा महिने. माझा पोरगा शाळेतनं येऊन म्हणला पप्पा आपण पाणी जास्त वापरतो. काय सांगू त्याला.

शेतकरी_बाप: सोयाबीनला भाव द्या, नाय लावत ऊस. बोलायला काय जातंय.

ठिबकवाला: भांडत नाय दादा, माझा पण ऊसच हाय. दोन एकरावर ठिबक केलं पोराच्या तोंडाकडं बघून. तो वहीत रोज मोटर किती वाजता चालू किती वाजता बंद लिहितो, माझ्यापेक्षा कडक हाय. रात्री दोनला लाईट येती तेव्हा नोंद मी करून ठेवतो त्याच्यासाठी.

माजलगावची_सून: आमच्या दिवट्याचं सांगते. 2018 ला प्लास्टिक बंदी झाली तेव्हा दुसरीत होता, मास्तरांनी सांगितलं पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार दंड. हा गेला किराणा आणायला, दुकानदारानं कॅरीबॅग पुढं केली तर म्हणला "काका पाच हजार हायेत का?" दुकानदार घरी आला ना तक्रार घेऊन! आजीनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली शेवटी, ती पण एवढी मोठी की त्यात तो स्वतः बसत होता.

तुळजाईचा_भक्त: पाच हजार हायेत का 😭😭 आज हसून हसून मेलो, साहेब बघायले माझ्याकडं

पैठणवाला_गाईड: सहल घेऊन गेलतो जायकवाडीला, नाथसागर बघायला. पोरं चौथीची. मी सांगतोय एवढं पाणी, एवढे पक्षी, कुठनं कुठनं येतात. एकजण म्हणला सर एवढं पाणी हाय तर आमच्या नळाला आठ दिवसाला का येतंय? मी म्हणलं चला भेळ खाऊ.

नोकरदार_आई: 😂 बरोबर केलं सर. लिंबाचं रोप कुठं मिळेल? मुलाला खरंखुरं झाड लावायचं म्हणे आता.

करडं_आणि_मी: विकत नका घेऊ ओ. पाऊस लागला की झाडाखाली पिकलेल्या लिंबोळ्या पडतात, गर काढून लगेच पिशवीत लावा. वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत, मी एकदा डबाभर ठेवल्या होत्या, एक आली नाही.

नोकरदार_आई: पिशवी प्लास्टिकची चालेल का 🙈

करडं_आणि_मी: दुधाची पिशवी धुवून, खाली दोन भोकं. माजलगावच्या दिवट्याला सांगू नका फक्त.

उदगीरची_लेक: किती छान छान लिहिलंय सगळ्यांनी. आमच्याकडची ताजी खबर, बाटलीचं पाणी आता बाईसाहेब बाल्कनीतल्या कोरफडीला घालायल्यात, सकाळी, शाळेतनं आल्यावर, झोपताना. कोरफड सडली. बुडाला हात लावला तर लिबलिबीत. तिला सांगायचं कसं ते कळंना. बरं नळ आला, मोटर लावायचीय, पळते.