हुतात्मा चौकात मुलांना नक्की काय दाखवावं?

वर्गशिक्षिका_डोंबिवली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आठवीच्या ४२ मुलांना घेऊन फोर्टात येतेय. म्युझियम दरवर्षीचंच, या वेळी हुतात्मा चौकात अर्धा तास थांबायचं ठरवलंय. वर्गात सांगितलं तर एका मुलाने विचारलं, "बाई, चर्चगेटला गेट कुठाय?" लगेच एक मुलगी म्हणाली, "हुतात्म्यांच्या चौकात ती परदेशी देवी कशाला?" दोघांनाही "बघून सांगते" म्हटलं आणि तेव्हापासून चैन नाही. पाठ्यपुस्तकात संयुक्त महाराष्ट्राचा धडा आहे, पण त्या जागेबद्दल काहीच नाही. तिथे उभं राहून मुलांना काय दाखवू?

परळकर

बाई, तुमच्या मुलांनी फार चांगलं विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एकाच जागी आहे. मी चौकालगतच्या एका बँकेत ३१ वर्षं काढली, रोज दोनदा तो चौक ओलांडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गेट. जुनी माणसं फोर्टला 'कोट' म्हणायची, कारण तो खरोखरच तटबंदीच्या आत होता. बाहेर खंदक आणि आत यायला तीन दरवाजे: बाजारगेट, अपोलो गेट आणि चर्चगेट. आज चौकात फ्लोरा फाउंटन हे कारंजं आहे, त्याच ठिकाणी चर्चगेट होतं. तिथून आत सरळ गेलं की सेंट थॉमस चर्च लागायचं, १७१८ चं. आजही तिथेच आहे. त्या चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून चर्चगेट. दरवाजा पाडला तरी नाव रस्त्याला राहिलं आणि पुढे पश्चिमेच्या स्टेशनालाही लागलं. मुलांना कारंज्यापाशी उभं करा आणि सांगा, तुम्ही आत्ता चर्चगेटमध्ये उभे आहात.

तट पाडला तो गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, १८६२ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला, माणसं आली, गाव कोटात मावेना. भिंत पडली आणि पश्चिमेचं मैदान शहराला मिळालं. हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर हे सगळं त्या मोकळ्या जागेत नंतर उभं राहिलं.

आता देवी. कारंजं १८६४ चं. ते उभारलं शेती-बागायतीला वाहिलेल्या एका संस्थेने, म्हणून वर फुलांची रोमन देवता, फ्लोरा. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं आणि नाव फ्रियरचं द्यायचं घाटत होतं. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथचं. देवी परदेशी, पण तिच्या पायाखाली या शहराचा पैसा आहे, हे त्या मुलीला जरूर सांगा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. भिंत गेली म्हणून इथे रस्ते एकत्र आले. दादाभाई नौरोजी रोड, महात्मा गांधी रोड, वीर नरिमन रोड. रस्ते आले म्हणून ट्राम आली, ट्राम आली म्हणून गर्दी आली. आणि म्हणूनच २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरणगावातून निघालेली माणसं इथे जमली. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळावर मोर्चा न्यायचा होता. पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी १५ जण गेले. पुढे लढा संपेपर्यंत हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला.

माझे वडील त्या गर्दीत होते. वय २२, परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. त्या दिवसाबद्दल ते फार कमी बोलले. पण पुढे चौकाचं नाव बदलल्यावर बसमध्ये कंडक्टरला ते कायम "हुतात्मा चौक" असंच सांगायचे. कंडक्टर "फाउंटन?" म्हणाला की पुन्हा शांतपणे "हुतात्मा चौक." तिकीट हातात पडेपर्यंत दुसरं नाव तोंडातून निघायचं नाही. मी लहान होतो, मला संकोच वाटायचा. आज मेट्रोच्या स्टेशनावर तेच नाव वाचलं की मी थांबतोच.

चौकातल्या हुतात्मा स्मारकाकडे मुलांना कारंज्यानंतर न्या. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार नीट बघू द्या. घाई करू नका.

ट्रामची_घंटा

परळकरकाकांनी ट्रामचा उल्लेख केला म्हणून थोडी भर. मुंबईत १८७४ ला घोड्यांच्या ट्राम आल्या, १९०७ ला विजेच्या, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. कारंज्याच्या अलीकडच्या दुरुस्तीत जमीन खणली तेव्हा जुने रूळ सापडले होते. तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिले. डांबराखाली इतकी वर्षं ते तसेच पडून होते.

दगडमाती

ताई, मी इमारत-जतनाचं काम करते. मुलांना दगड दाखवा. कारंजं पोर्टलंड दगडाचं, म्हणजे इंग्लंडहून जहाजाने आलेला चुनखडीचा दगड. मऊ, कोरायला सुंदर, पण आपल्या दमट खाऱ्या हवेत नाजूक. त्यावर वर्षानुवर्षं पांढऱ्या ऑइलपेंटचे थर चढवले गेले. माझ्या मते हा सगळ्यात मोठा घात. दगडातला ओलावा आतच कोंडतो, कोरीव कडा रंगाखाली बुजतात. रंग काढून, पाण्याची वाट मोकळी करून २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा सुरू झालं. आता शिंपले, मासे, देवीच्या वस्त्राच्या चुण्या स्पष्ट दिसतात. मग मुलांना दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चालवत न्या. १८९६ च्या नियमाने तिथल्या इमारतींना खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवणं बंधनकारक झालं. इमारती निरनिराळ्या, सावली मात्र सलग. मुलांना ऊन लागणार नाही हा आणखी फायदा. शक्यतो रविवारी सकाळी या, ४२ मुलं रस्ता ओलांडणार आहेत.

वर्गशिक्षिका_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारच ठरवते. मुलांना आधी काहीच सांगणार नाही, थेट कारंज्यापाशी उभं करून "गेट शोधा" म्हणणार. परळकरकाका, एक विनंती. त्या दिवशी तुम्ही तासभर याल का? बसमधल्या तिकिटाची गोष्ट माझ्यापेक्षा तुम्हीच सांगावी.

परळकर

येतो बाई. तारीख कळवा. साडेआठला स्मारकापाशी उभा असेन.