मदत हवी आहे: वेगवेगळ्या चर्चच्या धर्मगुरूंची एकत्र प्रार्थना कशी आखावी?

नमस्कार. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. १९०८ पासून तो पाळला जातो, पण आमच्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरू यंदा पहिल्यांदाच एकत्र येतायत. जुळवाजुळव माझ्याकडे आहे.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवायचं नाही, हे सगळ्यांनाच मान्य आहे. तिथले मतभेद खोल आहेत, कुणाला अवघडवायला नको. मला काळजी आहे ती बारीक गोष्टींची. तयारीच्या बैठकीत आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. 'वाईटापासून सोडव' म्हणून कॅथलिक फादर थांबले, कारण त्यांचा पाठ तिथेच संपतो, आणि प्रोटेस्टंट पाळकसाहेब 'राज्य, सामर्थ्य, गौरव' म्हणत एकटेच पुढे गेले. मग खोलीत जी शांतता पसरली, ती अजून मनातून जात नाही. दोघंही मनापासूनच म्हणत होते हो!

तर कागदावर सगळ्यांसाठी एकच पाठ छापावा का? शेवटचा आशीर्वाद तिघांनी मिळून द्यावा, की एकानेच? आणि आमच्या एका मंडळीच्या पाळक बाई आहेत. प्रार्थनेतला उपदेश त्यांनी करावा असा माझा आग्रह आहे, पण ते इतरांशी आधी खाजगीत बोलावं की सरळ बैठकीत मांडावं?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बाजूंनी १०५४ मध्ये एकमेकांवर घातलेले बहिष्कारसुद्धा १९६५ मध्ये पोप पॉल सहावे आणि ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी मागे घेतले. मग आम्हाला एक तास तरी जमायला हवा. ज्यांनी असं काही घडवून आणलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पहिला फोन कुणाला केलात, तेसुद्धा सांगा.