जुनं नेटवर्क कार्ड लिनक्सवर अडलं तर बदलायचं की दोष शोधायचा?

धागाकर्ता

जुनं लॅन कार्ड लिनक्सवर नीट चालत नाही असं कुणी म्हटलं की सल्ला तयार असतो: "नवीन घे, डोकं खपवू नकोस." मला हा सल्ला पटत नाही. तारेच्या जोडणीत कार्ड स्वतः मेलेलं असण्याचं प्रमाण, माझ्या अनुभवात, फारच कमी. दोष बहुतेक वेळा दोन टोकांच्या बोलण्यात असतो.

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. पिंग (छोटा चाचणी-संदेश) व्यवस्थित येतो, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल पाठवायला गेलं की वेग पार कोसळतो. लोक ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शिव्या घालतात. प्रत्यक्षात कधीतरी कुणीतरी जुन्या स्विचचा (अनेक यंत्रं तारेने जोडणाऱ्या डब्याचा) पोर्ट १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) असा हाताने बांधून ठेवलेला असतो. त्यामुळे त्या बाजूने वाटाघाटीचे संकेत येतच नाहीत. कार्ड ऑटोवर, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स आपोआप ठरवण्यावर असतं. ते तारेवरच्या सिग्नलवरून वेग ओळखतं, पण डुप्लेक्स ओळखायला त्याच्याकडे काही साधन नाही, म्हणून नियमाप्रमाणे हाफ (आळीपाळीने बोलणं) धरतं. आता एक बाजू बोलण्याआधी ऐकते आणि दुसरी केव्हाही बोलते. हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढतात, फुल बाजूला सीआरसीच्या चुका (बिघडून आलेली पाकिटं). एथटूल (कार्डाची स्थिती दाखवणारी लिनक्सची आज्ञा) चालवलं की डुप्लेक्स समोर दिसतो, आणि त्यातलेच चुका मोजणारे काउंटर उरलेलं सांगतात. स्विचचा पोर्ट परत ऑटोवर टाकला की काम झालं. अशा वेळी नवीन कार्ड घेतलं असतं तर तेही हाफवरच बसलं असतं!

तसंच केबलचं. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. एक जोडी तुटली की गिगाबिट कार्ड १०० वर उतरतं किंवा लिंक सारखी पडते, आणि बोल कार्डाला लागतो.

निळी वायर

डुप्लेक्सचं सगळं मान्य. पण तुम्ही तुमच्या बाजूचं सोयीचं उदाहरण निवडलंत. वायरलेसकडे या.

ब्रॉडकॉमची जुनी कार्डं बघा. बीसीएम ४३०६ या एकाच क्रमांकाच्या चिपची दुसरी आवृत्ती असेल तर बी४३लेगसी ड्रायव्हर, तिसरी असेल तर बी४३. दोघांना फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) वेगवेगळं, आणि ते आधी जुन्या ड्रायव्हरच्या फाइलमधून कापून काढायचं. ते डाउनलोड करायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट त्याच कार्डावर अवलंबून. ज्याला फक्त काम करायचंय त्याने हे सगळं का शिकावं? मला लिनक्स मनापासून आवडतं, म्हणूनच सांगतो: नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी या फेऱ्यात ढकललं की तो परत येत नाही.

आणि जुन्या पीसीआय बसचं (कार्डं जोडणाऱ्या सामायिक मार्गाचं) काय? ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ म्हणजे सगळ्या कार्डांत मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइट, तेही कागदावर. त्यात गिगाबिट कार्ड बसवून पूर्ण वेगाची आशा धरणं व्यर्थ आहे. तिथे शोधायला दोषच नाही.

रात्रपाळी

फर्मवेअरचा तिढा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून बंद (सोर्स न दिलेलं) फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. बी४३ चं फर्मवेअर मात्र अजूनही वेगळंच आणावं लागतं, तेवढं निळी वायर यांचं खरं.

बाकी मी धागाकर्त्याच्या बाजूने. एलएसपीसीआयला (यंत्रातली कार्डं दाखवणाऱ्या आज्ञेला) एनएनके पर्याय द्या. चिपचा ओळख क्रमांक आणि कोणता ड्रायव्हर बसलाय ते एकाच आज्ञेत कळतं. मग डीमेसग (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांची नोंद) वाचा. रिअलटेकच्या ८१३९ चं उदाहरण देतो: साध्या चिपला ८१३९टू, सी प्लस प्रकाराला ८१३९सीपी. चुकीचा मॉड्यूल (ड्रायव्हर) लावला तर तो स्वतःच लिहून सांगतो की दुसरा वापर. यंत्र इतकं स्पष्ट बोलत असताना न वाचता कार्ड काढून टाकणं मला तरी जमत नाही.

साधा वापरकर्ता

जुन्या यंत्रावर नवीन सिस्टीम टाकली आणि लॅन गेलं, तर आधी नाव बघा. इथ० हे कार्डाचं जुनं नाव लिहिलेली कॉन्फिग फाइल आणि नव्या सिस्टीममधल्या यूडेव्हने (उपकरणं सांभाळणाऱ्या भागाने) दिलेलं नवं लांबलचक नाव जुळत नसतं. कार्ड ठणठणीत असतं.

निळी वायर

नाव, मॉड्यूल, केबल, ठीक. पण सुरक्षेचं कुणी बोलतच नाही. फक्त डब्ल्यूईपी (वायफायची जुनी, कमकुवत सुरक्षापद्धत) जाणणारं कार्ड "चालवून दाखवलं" म्हणजे काय मिळवलं? २०२२ च्या डब्ल्यूपीए सप्लिकंट (लिनक्सवर वायफाय जोडणारा प्रोग्राम) २.१० मध्ये डब्ल्यूईपी मुळातच बंद ठेवलंय, आणि ते योग्यच आहे. तीच गत जुन्या नॅसची (नेटवर्कवरच्या फाइल साठवण्याच्या डब्याची). त्याला एसएमबी १ (फाइली वाटण्याचा जुना प्रोटोकॉल) शिवाय काही येत नाही, सांबाने (लिनक्सवर तो प्रोटोकॉल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) २०१९ च्या ४.११ पासून ते मुळात बंद केलं, आणि लोक एक ओळ बदलून परत चालू करतात. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच प्रोटोकॉलच्या छिद्रातून पसरला. जुनं चालवण्याच्या हौसेपायी अख्खं नेटवर्क उघडं टाकायचं?

धागाकर्ता

डब्ल्यूईपीच्या कार्डाची बाजू मी घेणार नाही. ते काढाच.

नॅसबद्दल मात्र वेगळं मत आहे. त्यावर सगळ्यांसाठी एसएमबी १ उघडणं चूक, पण तो फेकणं हा एकच उपाय नाही. एका लिनक्स यंत्रात दुसरं कार्ड बसवा, नॅस थेट त्यालाच जोडा, बाकी नेटवर्कशी त्याचा संबंध तोडा. जुना प्रोटोकॉल फक्त त्या एका जोडाला, माउंट करताना (नॅसची डिस्क यंत्राला जोडताना) आवृत्ती सांगून, तीही वाचण्यापुरती. पुढे सगळ्यांना फाइली द्यायच्या त्या त्याच यंत्रावरच्या आजच्या सांबामधून. हे दुसरं कार्ड १०० एमबीपीएसचं ८१३९ असलं तरी चालतं, कारण तो जुना नॅस मुळात त्याहून फार जोरात पळत नाही. जे कार्ड तुम्ही काढून टाका म्हणता, त्याला इथे खरं काम आहे.

निळी वायर

ही मांडणी मला मान्य, दोन अटींवर. त्या यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरची वाहतूक दुसऱ्यावर पुढे पाठवणं) बंद आहे ना ते तपासा. लिनक्समध्ये मुळात बंद असतं, पण कंटेनर (वेगळे ठेवलेले प्रोग्राम) चालवणारी साधनं ते गुपचूप चालू करतात. आणि वाचण्यापुरतं म्हणता तर आधी सगळा डेटा उतरवून घ्या, कारण त्या डब्यातल्या डिस्का कार्डापेक्षा लवकर जातील. पण नवख्याला मी अजूनही नवीन कार्डच सुचवीन.